अक्काचे तीनशे शब्द

हा मजकूर छापायला देण्याआधी मी दोन माणसांना वाचून दाखवला आहे. एकीने एक दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. दुसऱ्याने फक्त एक प्रश्न विचारला. हे वाचून दाखवणं कुठून आलं ते सांगायचं तर अक्काबद्दल सांगायला हवं, आणि अक्काबद्दल थोडक्यात सांगणं मला आजवर जमलेलं नाही. एकदाच जमवावं लागलं होतं, तेही तीनशे शब्दांत, आणि त्यातही मी आधी चुकलोच होतो.

मी आमच्या साप्ताहिकाचा कंपोझिटर. म्हणजे पूर्वी होतो. आता कॉम्प्युटरवर पानं लावतो, प्रिंटर अडला तर त्याला दोन थपडा मारतो आणि कुणी नसेल तर फोनही उचलतो. पूर्वी शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक करून उचलायचो आणि ओळी जुळवायचो, म्हणून अक्काने माझं नाव खिळ्या ठेवलं. खिळे भंगारात गेले, नाव राहिलं. माझी बायकोसुद्धा रागावली की खिळ्याच म्हणते.

साप्ताहिक आमच्या माणसांचं, आमच्या भाषेतलं. आम्ही आदिवासी. मोठ्या पेपरांत आमची बातमी यायची ती पूर आला, साथ आली किंवा मंत्री आला तर. त्यांचा बातमीदार यायचा, एखाद्या म्हातारीचा फोटो काढायचा, चार प्रश्न विचारून गाडीत बसायचा. त्याने काय लिहिलं ते आम्हाला दोन-तीन महिन्यांनी कळायचं, दुकानातून आणलेल्या साबणावर गुंडाळलेल्या कागदावरून. म्हातारीचं नाव चुकलेलं, वय चुकलेलं, आणि ती न बोललेलं बरंच काही तिच्या तोंडी घातलेलं. या चिडीपोटी आमच्या शाळेतल्या मास्तरांनी निवृत्त झाल्यावर चार पानं काढायला घेतली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत मास्तरांचं टेबल, मागच्या खोलीत मी आणि छापायचं मशीन. मशीन सुरू झालं की खालच्या सायकलवाल्याच्या डोक्यावर चुना पडायचा आणि तो पाना हातात घेऊन जिना चढून यायचा. दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला चहा पिऊन खाली जायचा.

त्या खोलीची आठवण आली की आजही माझ्या नाकात शाई आणि रॉकेलचा वास भरतो. आताचं ऑफिस चांगलं आहे, पंखे आहेत, खुर्च्यांना चाकं आहेत. पण मला विचाराल तर मी उद्या त्या खोलीत परत जाईन, चुन्यासकट.

अक्का तिथे पहिल्यांदा आली ती भांडायला. तिचे वडील वारले होते आणि आम्ही चार ओळी छापल्या होत्या. वय तीन वर्षांनी चुकलं होतं, पण तिचा राग त्यावर नव्हता. मास्तरांनी लिहिलं होतं की कैलासवासी मितभाषी होते.

"माझा बाप मितभाषी?" ती म्हणाली. "गावात कुणालाही विचारा. बापाला गप्प करायला आई त्याच्या हातात ताट द्यायची."

मास्तर वरमले आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहून द्या."

तिने तिथेच बसून लिहिलं. मी हात पुढे केला, तर तिने कागद दिला नाही. घरी नेते म्हणाली, आईला वाचून दाखवते. तीन दिवसांनी आली तेव्हा कागदावर दोन ओळी खोडलेल्या होत्या आणि एक वाढलेली होती. खोडलेल्या आईने काढायला लावल्या होत्या. वाढलेली धाकट्या बहिणीची होती: बाबा नदीवरून घरी येताना शीळ घालायचे, म्हणजे कुत्र्याआधी आम्हाला कळायचं. पुढच्या अंकात ते छापलं आणि आमच्याकडे आलेलं पहिलं कौतुकाचं पत्र त्या ओळीसाठी आलं. मास्तरांनी अक्काला सोडलंच नाही. ती नंतर एकतीस वर्षं आमची बातमीदार होती, आणि तिची पद्धत त्या पहिल्या कागदापासून बदलली नाही. ज्याची बातमी, त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायची. फोनवर नाही. समोर बसून.

या पद्धतीने माझ्या नाकी नऊ आणले. अंक गुरुवारी छापायचा असे. बुधवारी सकाळी बाई कागद घेऊन बसमध्ये बसायची आणि मी तिसऱ्या पानावर तिची जागा मोकळी सोडून वाट बघायचो. एका सुताराने तिला स्वतःबद्दलची बातमी चार वेळा वाचायला लावली होती. चूक काही नव्हती, त्याला ऐकायला आवडत होतं. एका शिक्षिकेने आपण रागाने बोललेलं वाक्य काढायला लावलं आणि बस सुटल्यावर पळत येऊन परत घालायला लावलं. आणि एकदा लाकूड गिरणीत दगावलेल्या कामगाराची बायको सगळं ऐकून शांतपणे नको म्हणाली. अक्का दुपारी रिकाम्या हाताने परत आली. दुसरा मजकूर जुळवायला वेळ नव्हता. मी तिच्यावर इतका ओरडलो की सायकलवाला चुना पडला नसतानाही वर आला. शेवटी तिसऱ्या पानावर तळहाताएवढी चौकट कोरी गेली. लोकांना वाटलं शाई संपली. गिरणीतल्या माणसांना मात्र कळलं होतं की ती कोरी जागा कुणाची आहे, आणि त्यानंतर गिरणीतलं काहीही असलं तरी ते अक्कालाच येऊन सांगायचे.

मास्तर गेले, खिळे गेले, खोल्या गेल्या. आताची आमची संपादक तिशीतली आहे. ती अक्काचाच हात धरून शिकलेली, त्यामुळे मी तिच्यापुढे फार आवाज चढवत नाही. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी ती एक कागद घेऊन आली. दर दोन वर्षांनी आदिवासी पत्रकारांची परिषद भरते, कुठून कुठून माणसं येतात. त्या परिषदेचं पत्रक होतं. प्रशिक्षणाची सत्रं घ्यायची आहेत, ज्यांना काही शिकवायचं असेल त्यांनी प्रस्ताव पाठवावा. सत्राचं नाव, कुणासाठी, शिकणारे काय घेऊन जातील, आणि स्वतःच्या अनुभवातलं एक खरं उदाहरण. वेळ दीड तास. सगळं मिळून शब्द तीनशे, एकही जास्त नाही. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

"अक्का, तुम्ही पाठवायचा," संपादक म्हणाली.

अक्काने मागच्या परिषदेतल्या सत्रांची यादी वाचली. ड्रोनने चित्रण, मोबाइलवर व्हिडिओ, पासवर्ड कसा सांभाळावा. अक्काचा स्वतःचा पासवर्ड "अक्का" होता आणि तो ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होता.

"मी काय शिकवू?" ती म्हणाली. "ऐकायचं, लिहायचं, परत जायचं, वाचून दाखवायचं, सांगतील ते दुरुस्त करायचं. मिनिटभरात झालं. उरलेला वेळ माणसं काय करतील?"

"चहा पितील," मी म्हणालो.

संपादक हसली नाही. तिने सरळ सांगितलं ते असं. अक्काचे गुडघे गेलेत, महिन्याभरात ती थांबणार. नवी पोरं बातमी फोनवर घेतात, फोनवर विचारतात आणि टाकून मोकळी होतात. ती पोरं वाईट नाहीत, त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. अक्का थांबली की हे वाचून दाखवणंही तिच्याबरोबर थांबणार. "परिषदेत दहा जणांनी जरी उचललं तरी ते राहील," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्या निरोपाला आम्ही फुलं देऊ आणि विषय संपेल."

अक्काने चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळली. "खिळ्या, तू लिही. मोजून लिहायची सवय तुला आहे."

मी दोन दिवस घातले. मोजक्या जागेत मजकूर बसवणं हे माझं आयुष्यभराचं काम, तिथे मला कुणी शिकवायला नको. उदाहरण म्हणून अर्थातच कोरी चौकट घातली. बुधवारी सकाळी बरोबर तीनशे शब्द झाले. खरं सांगतो, मी स्वतःवर खूश होतो. अक्काने डोळे मिटून ऐकलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "खोड."

मी विचारलं, "का?"

"यात माझं कौतुक आहे. कौतुकातून कुणी काय शिकणार? उदाहरण द्यायचं तर मी वाचून दाखवलं नाही तेव्हाचं द्यायला हवं."

मी कीबोर्डवरचे हात खाली घेतले. कारण एकतीस वर्षांत तिने एकदाच वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्याबद्दल ऑफिसात आम्ही कुणी चकार शब्द काढत नव्हतो.

तेव्हाच्या हिशेबाने बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्काची धाकटी बहीण लग्न होऊन नदीपलीकडच्या वस्तीत राहत होती. वस्तीमागच्या टेकडीत झरे आहेत, सगळी वस्ती तेच पाणी पिते. एका कंपनीला तिथे दगडाची खाण काढायची होती आणि त्यासाठी वस्तीच्या समितीची संमती हवी होती. धाकटीचा नवरा समितीत होता. मंगळवारी सभा झाली, सगळ्यांसमोर चर्चा झाली, शेवटी सह्या झाल्याचं जाहीर झालं. पण खऱ्या सह्या आदल्या शनिवारीच घरोघर जाऊन घेतल्या होत्या. सभा नुसती दाखवायला होती. हे धाकटीने अक्काला सांगितलं, स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता, बहिणीला सांगावं तसं. छापू का म्हणून अक्काने विचारलं. छाप, धाकटी म्हणाली.

अक्काने बातमी लिहिली. वाचून दाखवायला मात्र गेली नाही. परक्या माणसांसाठी तीन-तीन बस बदलणारी बाई, पण स्वतःच्या बहिणीला काय वाचून दाखवायचं असं तिला वाटलं. घरचंच तर माणूस. बातमीत तिने बहिणीला सांभाळून लिहिलं: सही करणाऱ्या एका सदस्याच्या घरातल्या एका व्यक्तीने सांगितलं. मीच ती ओळ जुळवली होती. मलाही ती चांगली वाटली होती.

बातमी गाजली. खाण रद्द झाली. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला. आठवड्याने अक्का बहिणीकडे गेली, तर धाकटीने दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं. का, ते सांगितलं नाही. पुढे आई वारली तेव्हा दोघी खोलीच्या दोन टोकांना उभ्या होत्या. अक्काने दोन पत्रं पाठवली, ती न फोडता परत आली. ती मी पाहिली आहेत, तिच्या खणात पेन्सिलींच्या खाली असायची.

हे सगळं अक्काने मला त्या बुधवारी सांगून लिहायला लावलं. तिचा आवाज सरळ होता. मी मात्र मध्येच नाक शिंकरायला उठलो. लिहून झालं, मी काटछाट करून पुन्हा तीनशे शब्दांवर आणलं. संपादकाने वाचलं. मग म्हणाली, "पाठवू या."

"असं कसं?" अक्का म्हणाली. "तिला वाचून कुठे दाखवलंय?"

"कुणाला?"

"धाकटीला."

"अक्का, हा तुमचा अनुभव आहे."

"माझ्या एकटीचा नाहीये तो. आणि वाचून दाखवायला शिकवते म्हणून प्रस्ताव करायचा, आणि त्यातच पुन्हा तिला न विचारता तिची गोष्ट घालायची? एकदा केलं ते पुरे झालं."

संपादकाने विचारलं, त्यांनी नको म्हटलं तर? अक्का म्हणाली, तर पाठवायचा नाही. मी म्हणालो, मग माझी कोरी चौकट घालू. तर ती म्हणाली, मग काहीच पाठवायचं नाही, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लागली. तेव्हा मला कळलं की तिला सत्राची फिकीर नव्हती असं नाही, पण ती निघाली होती ती त्या दारासाठी. मुदतीला दोन दिवस होते आणि दार बावीस वर्षं बंद होतं.

गुरुवारी सकाळी मी तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेलं. पूल ओलांडेपर्यंत ती गुडघ्यांना, रस्त्याला आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवत होती. वस्तीच्या तोंडाशी नळावर तिने मला थांबायला सांगितलं आणि ओंजळीने पाणी प्यायली. झऱ्याचंच पाणी ते.

घर निळ्या दाराचं होतं. बाहेर बाकावर धाकटीचा नवरा खुर्चीची वेताची बैठक विणत बसला होता. सत्तरीचा असेल. त्याने मान वर केली, अक्काला ओळखलं, आणि आम्हाला जाता यावं म्हणून पाय आत घेतले. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. अक्काने दार वाजवलं.

दारात आलेली बाई अक्काच होती, फक्त दहा वर्षांनी तरुण आणि दुप्पट कडक.

"वाचून दाखवायला आले आहे," अक्का म्हणाली.

धाकटीने अक्काच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहिलं. "बावीस वर्षं लागली तुला कागद सापडायला?" आणि बाजूला सरली.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. अक्काने वाचायला सुरुवात केली. मी तिला हजारदा वाचताना ऐकलंय, पण त्या दिवशी ती पहिलीतल्या मुलीसारखी शब्दाखाली बोट धरून वाचत होती. "घरातल्या एका व्यक्तीने सांगितलं" या ओळीशी धाकटीने हात वर केला.

"इथे थांब. या घरात तेव्हा मोठी माणसं किती होती?"

"तीन," अक्का म्हणाली.

"हे, मी आणि सासूबाई. ह्यांनी तर सांगितलेलं नाही. राहिल्या दोघी. सासूबाई सहीच्या विरोधात होत्या, रोज बडबडायच्या. ह्यांनी धरलं की त्यांनीच सांगितलं. आईशी बोलणं सोडलं. तिच्या हातचं पाणी घेईनात. वर्षभराने सासूबाई गेल्या तेव्हाही ते बोलत नव्हते." तिने टेबलावरचा कागद सरळ केला. "सासूबाईंना माहीत होतं मी सांगितलंय ते. मी रोज म्हणायचे आज सांगते, उद्या सांगते. त्या मला म्हणायच्या, तुझ्या पदरात लेकरं आहेत, माझे किती दिवस राहिलेत. आणि गेल्या. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

अक्काचा चष्मा हातात होता. तो घालायचं तिला सुचत नव्हतं.

"मी छापायला नाही म्हटलं नसतं," धाकटी म्हणाली. "तू एकदा येऊन वाचून दाखवलं असतंस ना, तर मी एवढंच सांगितलं असतं की असं नको लिहू, घरात मोठी तीनच माणसं आहेत. एकतर माझं उघड लिही, नाहीतर नुसतं 'समजतं' असं लिही. एक ओळ बदलायची होती, अक्का. त्या सुताराला तू चार वेळा वाचून दाखवलंस. मला एकदा नाही."

मी पहिल्यांदा इथे लिहिलं होतं की दोघी बहिणी रडल्या. धाकटीने ते खोडायला लावलं आहे. "मी नाही रडले," ती म्हणाली. "अक्का रडली. आणि तू." तर तसं.

मग धाकटी उठली, आमच्यासाठी चहा ठेवला आणि भांड्याकडे बघतच म्हणाली, "घाल तुझ्या कागदात. पण 'घरातल्या एका व्यक्तीने' काढ. 'त्याच्या बायकोने' लिही."

"अगं, पण त्यांना—"

"ते बाहेर बसलेत. तेही आहेत ना यात? मग त्यांनाही वाचून दाखव. मला बावीस वर्षं तोंडाने सांगता आलेलं नाही. तू वाच, मी शेजारी उभी राहते."

मी म्हणालो, मी स्कूटर बघून येतो. कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून मीही मागोमाग गेलो.

अक्काने दुरुस्ती पेनाने केली आणि बाकासमोर उभी राहून वाचलं. तो विणत होता. वेताची पट्टी वर घ्यायची, खालून ओढायची, बोटाने दाबायची. "त्याच्या बायकोने सांगितलं" हे आलं तेव्हा त्याचा हात थांबला. अक्का शेवटपर्यंत वाचत गेली, थांबली नाही, तिचा नियमच तसा होता. वाचून झाल्यावर ती नेहमी विचारायची तेच तिने विचारलं, "काही दुरुस्ती?"

मला वाटलं आता हा खुर्ची फेकणार. त्याने बायकोकडे पाहिलंच नाही. झऱ्याच्या बाजूला बघत होता.

"आईचं कुठे आहे यात?" तो म्हणाला.

अक्काने कागद पुन्हा पाहिला.

"आईने सांगितलं नव्हतं. तेवढं एक घाला."

अक्काने बाकावर कागद ठेवून लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं: आईने सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, पुन्हा वाचा. तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही, तरी तिने वाचलं. मग तो अर्धवट खुर्ची मांडीवरून उतरवून बाकावर सरकला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर धाकटी येऊन बसली. आम्ही चहा न पिताच निघालो.

शुक्रवारी मी दुरुस्त्या घातल्या, तर तीनशेचे तीनशे दोन झाले. 'घरातल्या एका व्यक्तीने'च्या जागी 'त्याच्या बायकोने' घातल्यावर एक शब्द वाचला होता, पण आईच्या वाक्याने तीन वाढले होते. कॉम्प्युटर तांबडा झाला आणि पुढे जाऊ देईना. आईचं वाक्य आणखी आखूड करता येतंय का ते मी बघत होतो.

"त्याला हात लावू नकोस," अक्का मागून म्हणाली. "माझं ते काढ ना वरचं. 'एकतीस वर्षांच्या अनुभवी बातमीदार' असं घातलंयस तिथलं."

"अगं, ते नसेल तर तुला कोण घेईल?"

"काढ म्हणते ना."

काढलं. "अनुभवी" राहिलं, वर्षं गेली. बरोबर तीनशे. पाचला वीस मिनिटं असताना संपादकाने पाठवलं.

सत्र मिळालं. खोली अगदी शेवटची, कँटीनला लागून, आणि माणसं एकोणीस. शेजारी ड्रोनवाल्यांकडे दीडशे होती. तो दीड तास संपला तेव्हा एकही माणूस उठलं नाही, आणि चहा कुणी प्यायलाच नाही, हे मला अक्काला ऐकवता आलं. पहिल्या रांगेत धाकटी बसली होती. अक्काने उदाहरण सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, वाचून दाखवल्यावर माणसं खरं ते खोडायला लावतात, तेव्हा काय करायचं? अक्का उत्तर देणार तेवढ्यात धाकटीच उठली आणि म्हणाली, "आधी दाखवा तरी."

अक्का पुढे तीन वर्षं जगली. दर रविवारी धाकटीकडे जायची, मीच सोडायचो. दोघी इतक्या भांडायच्या की मी पुन्हा न्यायला यायला मुद्दाम उशीर करायचो, नाहीतर दोघी मिळून मला धरायच्या. त्या घराच्या बाहेरच्या बाकावर बसून मी वेताची बैठक विणायला शिकलो आहे. वाईट विणतो. अक्का गेली तेव्हा तिच्याबद्दल लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तीन वर्षं टाळलं. कंपोझिटर माणूस, दुसऱ्यांचं जुळवायची सवय. खरं म्हणजे लिहिलं की तिला वाचून दाखवता येणार नाही, हे मला सहन होत नव्हतं.

परवा शेवटी लिहिलं आणि पूल ओलांडून गेलो. धाकटीने ऐकलं, रडण्याची दुरुस्ती सांगितली. मग मी बाहेर बाकावर आलो. तिच्या नवऱ्याला आता कमी ऐकू येतं. मी जवळ सरकून, मोठ्याने वाचायला कागद वर धरला, तर त्याने माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं.

"आईचं वाक्य आहे ना त्यात?"

"आहे," मी म्हणालो.

"मग वाच," तो म्हणाला.